साखळी सुकाजींनी लावली

वामन रामटेके या टँकर ड्रायव्हरवर अन्याय झाला तो १९८१ सालच्या जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी. लोक तारीख चुकवतात, तेरा एप्रिल सांगतात. तेरा एप्रिलला आग लागली. आग पेट्रोलची होती, तिला कोण कोणाचा हे कळत नाही, म्हणून मी तिला अन्याय म्हणत नाही. अन्याय दोन महिन्यांनी झाला. वाडीच्या पुढे अमरावती रोडवर एक तेलाचा डेपो आहे. त्याच्या ऑफिसात, वाळ्याच्या कूलरच्या गार वाऱ्यात, चार शिकलेल्या माणसांनी तो केला. टेबलावर वामनभाऊंच्या गाडीची हातभर लांबीची लाकडी प्रतिकृती ठेवली होती. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी लिहिलं, आग चालकाच्या हलगर्जीपणामुळे लागली.

ती प्रतिकृती ज्या दुकानात झाली तिथे मी सहा वर्षं कामाला होतो.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकाला एकच पान असतं आणि वाचणारा सायकलवर टांग टाकता टाकता ते वाचतो. त्यामुळे फिरवून सांगणं मला जमत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘कामाच्या गमतीजमती’ मागितल्या. गमती होत्या, सांगतो. पण हा कागद मी गमतींसाठी मागितलेला नाही.

दुकान पाचपावलीत. मालक, कारागीर आणि झाडू मारणारा असे तिन्ही एकच, सुकाजी धकाते. घराणं कोष्ट्यांचं, वडिलांपर्यंत मागावर लुगडी विणली. मागावर पोट भरेनासं झालं तेव्हा सुकाजींनी तान्ह्या पोळ्याचे बैल करायला घेतले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात लहान पोरं लाकडाचे बैल सजवतात, दोरीनं ओढत घरोघरी नेतात. बैलांच्या पायांखाली चाकं असतात. चाकं करता करता सुकाजींचा हात चाकांवर बसला. मग एका पेट्रोल पंपवाल्यानं विचारलं, बैलाला चाकं लावता तर लॉरीला का नाही? त्यानं वडिलांच्या पहिल्या टँकर लॉरीचा पिवळा पडलेला फोटो दिला. त्या लॉरीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. मी कॉलेज अर्धवट सोडून दुकानात आलो तेव्हा वर्षभर टँकर लॉऱ्या आणि पोळ्याआधी बैल, असा रिवाज बसला होता.

काम असं. जुनी तेलाची लॉरी म्हणजे पुढे लांब नाकाचं बॉनेट, मध्ये लाकडी केबिन, मागे लंबगोल टाकी. आम्ही ती फुटाला पाऊण इंच या हिशेबानं उतरवायचो. टाकी शिवणीच्या लाकडाची, ते हलकं असतं आणि तडकत नाही. खरादावर फिरवून ती गोल करायची, मग रंध्यानं दोन बाजू बसवायच्या. मडगार्ड तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे, टायर सायकलच्या ट्यूबचे, दिवे काचेच्या मण्यांचे. टाकीवरची अक्षरं खारीच्या केसांच्या कुंचल्यानं, श्वास रोखून.

सगळ्यात अवघड म्हणजे मागची बाजू. गिऱ्हाईक फोटो आणायचं आणि तो हटकून पुढून काढलेला असायचा. बॉनेटवर हात ठेवलेला मालक, हार घातलेली लॉरी, दोन्ही बाजूंना नोकर. गाडीची पाठ दाखवणारा फोटो कोणी आणल्याचं मला आठवत नाही.

“लोकं गाडीले नवरदेव समजते, दिगू,” सुकाजी मला म्हणायचे. “नवरदेवाची पाठ कोन पाह्यते गा?”

मग आम्ही पाठ शोधायला निघायचो. कबाडखान्यात, म्हाताऱ्या मेकॅनिकांकडे, कुठे शेतात कोंबड्या बसायला ठेवलेल्या सांगाड्याकडे. अमुक सालच्या लॉरीला मागे शिडी होती की नव्हती, एवढ्यासाठी आम्ही सायकलवर कामठीपर्यंत गेलेलो आहोत.

गिऱ्हाइकं एकापेक्षा एक. कळमन्याचा एक ट्रान्सपोर्टवाला आला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं आमच्याकडून लॉरी नेली होती, तर ह्याला तिच्यापेक्षा दोन इंच लांब हवी.

सुकाजींनी काम न थांबवता विचारलं, “तुमची खरी गाडी त्याच्यापेक्षा लांब हाय का?”

“नाही.”

“तं मंग खरी लांब घ्या ना सेठ. तिले पाहून मी करतो.”

सेठ तणतणत गेला आणि आठवड्यानं परत आला. लॉरी त्याला मापातलीच मिळाली.

दुसऱ्या एका पंपवाल्यानं लॉरी नेली ती दुसऱ्या दिवशी परत आणली. त्याच्या आईला दिसत नव्हतं. तिनं नवऱ्याच्या त्या लॉरीवरून हात फिरवला, टाकीला नाक लावलं आणि म्हणाली, ही आपली नाही, हिला वास नाही. सेठ ओशाळून म्हणाला, आता काय करू सांगा. सुकाजींनी टाकीचं झाकण उचकटलं, आत रॉकेलचा बोळा फिरवला आणि झाकण परत बसवलं. नंतर त्या घरून सणाला आमच्या दुकानात चिवडा यायचा. म्हातारी गेली तसा चिवडा बंद झाला.

दुकानाचे नियम दोन होते. पहिला, मापात सूतभरही फरक नको. दुसरा, गाडी थोटी करायची नाही. हा दुसरा नियम बैलांकडून आलेला. शिंग मोडलेला किंवा शेपूट तुटलेला बैल पोराच्या हाती द्यायचा नसतो, सणाच्या दिवशी ते अशुभ. सुकाजींनी तो नियम लॉऱ्यांनाही लावला. फोटोत मडगार्ड पोचलेला, चेपलेला असो की दिवा फुटलेला, आमच्या लॉरीचा मडगार्ड सरळ आणि दिवा अख्खा. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. कोणाच्या वडिलांची गाडी पोचलेली दाखवायची?

हे दोन नियम आयुष्यभर एकमेकांच्या आड आले नाहीत. एकदाच आले.

वामनभाऊंची ओळख मोजमापातून झाली. ऐंशी साल संपत आलं होतं. डेपोच्या साहेबांना सव्वीस जानेवारीच्या समारंभासाठी आपल्या सगळ्यात जुन्या टँकरची प्रतिकृती हवी होती, काचेच्या पेटीत, दर्शनी हॉलमध्ये ठेवायला. तो टँकर अजून रस्त्यावर चालत होता. नाव ‘म्हातारी’. हिरवी टाकी, तिच्यावर पिवळा पट्टा, डावा मडगार्ड पोचलेला, उजव्या फुटक्या दिव्यावर लाल फडकं बांधलेलं. काटोल रोडवरच्या लहान लहान पंपांना ती पेट्रोल पोचवायची. ड्रायव्हर वामन रामटेके. क्लिनर नाही. डेपोनं काटकसर म्हणून तो काढून टाकला होता.

आम्ही टेप घेऊन गेलो तर हा माणूस गाडी धुऊन तयार. चाळिशीचा, काटक, बोलका.

“फोटो काढून राह्यले का जी हिचा?”

“फोटो नाई,” सुकाजी म्हणाले. “हिची लेक काढून राह्यलो.”

वामनभाऊ एवढे हसले की त्यांना बॉनेटला टेकावं लागलं. मग टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. गावोगाव लोक म्हातारीपाशी उभे राहून फोटो काढतात, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. लग्नाची वरात भेटली तर नवरा-नवरी बॉनेटशी उभे राहणारच. शाळेची सहल, बाजारातले फोटोवाले, कोणाला नाही म्हणायचं नाही. “माह्यी पोरगी म्हंते, बाबा तुम्ही गाडी चालवता का नुमाइश?”

मोजत मोजत आम्ही मागे आलो. टाकीच्या खाली एक लोखंडी कडी होती. रिकामी.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. टँकर चालताना आतलं पेट्रोल टाकीला घासतं आणि त्या घासण्यानं वीज साठते. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जास्तच. ती जमिनीत उतरावी म्हणून टँकरच्या मागे साखळी लोंबत असते, रस्त्याला टेकलेली. ती नसेल तर झाकण उघडताना एक ठिणगी पुरते.

“वामनभाऊ, इथली साखळी?” मी विचारलं.

“दिवाळीत तुटून पडली रस्त्यात. तवापासून साहेबाच्या मांगं लागून राह्यलो. थे म्हंते, नवी गाडी येनारच हाय, हिच्यावर कायले खर्च करता?”

“आणि तुम्ही तशीच चालवता?”

“मी नाई चालवली तं दुसरा चालवते भाऊ, अन् मले घरी बसवते.” हे सांगतानाही ते हसतच होते. “चालते. म्हातारी हाय, पन इमानदार हाय.”

दुकानात प्रतिकृती तयार झाली. मडगार्ड सरळ. दोन्ही दिवे अख्खे. साखळीपाशी सुकाजी थांबले आणि उठून घरात गेले. देवघरात एक जुना टांगता दिवा होता, त्याच्या पितळी साखळीचा बोटभर तुकडा घेऊन आले. एकेक कडी चिमट्यानं दाबून बारीक केली, काळा रंग दिला, टाकीखाली अडकवली.

“गाडीला तर नाही, काका,” मी म्हणालो.

“आपली लेक थोटी कायले पाठवायची गा?”

सव्वीस जानेवारीला डेपोत झेंडा झाला, पेढे वाटले, प्रतिकृतीवरचा रुमाल निघाला. पाहुणे पुढून पाहत होते. वामनभाऊ वळसा घालून मागे गेले, वाकले आणि ओरडले, “अरे पाहा ना साहेब! लेकीले साखळी हाय अन् मायले नाई!”

सगळे हसले. साहेबही हसले. ‘सगळे’ म्हणजे डेपोचे नोकर, दोन पंपवाले, सुकाजी आणि मी. हे वाक्य विसरू नका, मी त्यावर परत येणार आहे.

तेरा एप्रिल, सोमवार. दुसऱ्या दिवशी जयंती. वस्तीत निळे झेंडे लागले होते, वामनभाऊंनी सकाळी कामावर जाण्याआधी शिडीवर चढून पताकांच्या माळा बांधल्या होत्या. दुपारी काटोल रोडवरच्या एका गावाच्या पंपावर त्यांनी टाकीवर चढून झाकण उघडलं आणि भडका उडाला. क्लिनर असता तर मातीची बादली घेऊन धावला असता. पंपाला लागून चहाची टपरी होती, तिथे एसटीची वाट पाहणारी माणसं होती. वामनभाऊ खाली उतरले, अंगावरचे कपडे जळत असताना केबिनमध्ये बसले आणि गाडी रस्त्यापलीकडे मोकळ्या वावरात नेऊन उभी केली. पंप वाचला. टपरी वाचली. माणसं वाचली. पताका उतरायच्या आत वामनभाऊ मेडिकलमध्ये वारले.

जळालेली म्हातारी डेपोनं चौकशी सुरू होण्याआधी भंगारात दिली. कडी गेली, कडीचा रिकामेपणाही गेला. मी त्या गावात जाऊन टपरीवरच्या एकेकाला विचारलं, गाडीला मागे साखळी होती का हो? माणसं भली. वामनभाऊंचं नाव काढलं की डोळे पुसायची. पण उत्तर एकच, “पाह्यलं नाई बा.” बरोबर आहे. नवरदेवाची पाठ कोण पाहतं?

मग जूनमधला तो सोमवार आला.

सुकाजींना डेपोतून बोलावणं आलं की साहेबांना तुमच्या कामाबद्दल विचारायचं आहे. त्यांना वाटलं, दुसरी लॉरी करायची असेल. धुतलेलं धोतर, काळी टोपी. मी सोबत. ऑफिसात त्यांना खुर्ची दिली. आयुष्यात कोणत्याच ऑफिसात त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. ते खुर्चीच्या टोकावर टेकले. टेबलावर त्यांची प्रतिकृती होती. ती पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला अजून आठवतो आणि अजून गलबलतं. कोपऱ्यात कौसल्याबाई, वामनभाऊंच्या घरच्या, उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिलेली नव्हती.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी गोड आवाजात विचारलं, “ही तुम्ही बनवली?”

“हो जी.”

“अंदाजे, की मोजून?”

“अंदाजे?” सुकाजींना तो शब्दच लागला. “मोजून, साहेब. टेप लावून. सूतभर फरक निंघाला तं दुकान बंद करीन.”

“म्हणजे हुबेहूब.”

“हुबेहूब.”

साहेबांनी प्रतिकृती उलटी फिरवली. पेन्सिलच्या टोकानं साखळी हलवली. “मग ही साखळी गाडीला होती.”

मी सुकाजींच्या शेजारी बसलो होतो. त्यांना समजायला लागलं तो क्षण मी पाहिला. हात टोपीकडे गेला.

“नाई नाई साहेब. साखळी म्या लावली. गाडीले नव्हती. गाडी थोटी दिसू नये म्हनून...”

“आत्ता तुम्ही म्हणालात, सूतभर फरक नाही.”

“मापात नाई जी! साखळी तं, थे आमच्याकडं बैल करतो ना, तान्ह्या पोळ्याचे...”

“बैल?” साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं आणि चौघंही हसले. मोठ्यानं नाही. शिकलेली माणसं हसतात तसं, नाकातून.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, मोजमाप घेताना मी होतो, कडी रिकामी होती, वामनभाऊंनी साखळी मागितली होती. सव्वीस जानेवारीला सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, लेकीला साखळी आहे आणि मायला नाही. डेपोचे साहेब त्या चौघांत होते, त्यांच्याकडे वळून म्हणालो, साहेब, तुम्हीही हसला होतात.

त्यांनी चष्मा पुसला. “मला असं काही आठवत नाही.”

पेढे खाल्लेल्या एकालाही आठवलं नाही. मग चौकशीच्या साहेबांनी आपला तर्क सांगितला. रस्त्यावर साखळी वाजते, म्हणून ड्रायव्हर लोक ती वर अडकवून ठेवतात, यानंही ठेवली असेल. “दुसऱ्या दिवशी त्यांचा सण होता. घाईत होता माणूस.”

‘त्यांचा’. तो शब्द ज्या आवाजात उच्चारला गेला तो आवाज मी विसरलेलो नाही. मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. माझ्या मागून सुकाजींचा आवाज येत होता, “साखळी म्या लावली साहेब, देवाशपथ म्या लावली,” आणि ते जितकं जास्त म्हणत होते तितके ते एक गोंधळलेले म्हातारे गृहस्थ ठरत होते.

हलगर्जीपणामुळे. एक ओळ. साखळी लावली नाही हा डेपोचा गुन्हा, त्यासाठी कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. वामनभाऊ उत्तर द्यायला नव्हते, म्हणून ओळ त्यांच्या नावावर चढवली. वस्तीत, शाळेत ती ओळ पोचली. मुलीला वर्गात कोणी म्हणालं, तुह्या बापानं गाडी जाळली. ज्या माणसानं जळता जळता गाडी वावरात नेली, त्याच्या पोरीला हे ऐकावं लागलं.

पोळ्याच्या आधी कौसल्याबाई दुकानात आल्या. सुकाजी बैलांचे पाय घासत होते. त्यांना पाहून उठले आणि उभेच राहिले. मला वाटलं, आता त्या बोल लावतील आणि लावायलाच हवा.

“काकाजी,” त्या म्हणाल्या, “काहून लावली जी साखळी?”

सुकाजींनी बैल हातात घेतला आणि सगळं सांगितलं. मोडलेलं शिंग, सणाचं अशुभ, देवघरातला दिवा. कौसल्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या,

“म्हंजे त्यायच्या गाडीले साखळी पाहिजे, हे तुमालेच वाटलं. येवढ्या मोठ्या डेपोत कोनाले नाई वाटलं.”

सुकाजी तिथेच खाली बसले, लाकडाच्या भुशात.

“रडू नका जी. मले एक गाडी करून द्या. जशी होती तशी. पोचलेली, फडकं बांधलेली. मांगं कडी रिकामी. पोरीले दाखवाले पाहिजे का तिच्या बाबानं काय चालवलं.”

त्या वर्षी सुकाजींनी बैल अर्धवट सोडून लॉरी घेतली. मी त्यांना इतकं वाईट काम करताना कधी पाहिलं नाही. मडगार्डला पोचा पाडायचे आणि बोटं आपोआप तो सरळ करायची. पुन्हा पोचा, पुन्हा सरळ. तीच बोटं, तीच सवय. शेवटी त्यांनी लहान हातोडी माझ्या पुढ्यात ठेवली.

“तू मार गा दिगू. माह्याच्यानं नाई होत.”

मी मारली. मी एका घावात मारली, त्यांनी तोंड फिरवलं. दिव्यावर लाल चिंधी बांधली. कडी लावली आणि तिच्यात काही अडकवलं नाही. त्या रिकाम्या कडीकडे सुकाजी बराच वेळ बघत होते, जसं एखाद्या आजारी पोराकडे बघावं.

ती लॉरी घेऊन आम्ही तिघं डेपोत गेलो, फेरविचाराचा अर्ज केला. एव्हाना साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी दोन्ही प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. माणूस वाईट नव्हता, त्यांनी कौसल्याबाईंना खुर्ची दिली. पण म्हणाले, “ही तर तुम्ही नंतर केली. ही पुरावा कशी? पहिली आगीच्या आधीची आहे, दुसरी नंतरची. त्या वेळचा एखादा फोटो असेल तर आणा. मागून काढलेला. मग मी स्वतः वर लिहितो.”

तेव्हापासून आम्ही फोटो शोधतो आहोत. काटोल रोडवरची गावं, बाजारातले फोटोवाले, लग्नघरं. लोकांनी अल्बम उघडून दिले, चहा पाजला. म्हातारी सापडली, कितीदा तरी सापडली! नवरा-नवरीच्या मागे, शाळेच्या पोरांच्या मागे. एका फोटोत वामनभाऊ स्वतः केबिनमधून डोकं काढून हसतात. तो फोटो कौसल्याबाईंनी पदरानं पुसून परत केला. सगळे फोटो पुढून. लाल फडकं दिसतं, पोचा दिसतो. पाठ एकातही नाही.

सुकाजींनी त्यानंतर बैल केले नाहीत. पोळ्याच्या आधी पोरं दुकानापाशी यायची, ते म्हणायचे, “दुसरीकडं पाहा रे बाबू.” लॉऱ्या केल्या, पण ‘हुबेहूब’ हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. गिऱ्हाईक म्हणालं तर ते मान खाली घालायचे. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ते गेले. शेवटच्या आजारपणात मी शेजारी बसलो होतो, ते एकदम म्हणाले, “भेटला का गा फोटो?” मी नाही म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. ज्या माणसाला सूतभर फरक चालत नव्हता त्याच्याशी मी कशाला खोटं बोलू?

दुकान बंद झालं. मी आता ट्रान्सपोर्ट कामगारांच्या युनियनमध्ये पत्रकं लिहितो, वाडीच्या गोदामांवर वाटतो. पोचलेली लॉरी कौसल्याबाईंच्या घरी फळीवर आहे. साखळीवाली अजून डेपोच्या हॉलमध्ये काचेत आहे, खाली पट्टी आहे, तिच्यावर लिहिलं आहे : हुबेहूब प्रतिकृती. देवघरातल्या दिव्याची साखळी रोज वामन रामटेके यांच्याविरुद्ध साक्ष देते.

पत्रकाच्या शेवटी मागणी असते. ही माझी मागणी, आणि ती डेपोकडे नाही, तुमच्याकडे आहे.

१९८० च्या दिवाळीपासून १९८१ च्या एप्रिलपर्यंत, वाडीपासून काटोलपर्यंत, तुमच्या घरात लग्न झालं असेल, मुंज, सहल, जत्रा झाली असेल, तर अल्बम काढा. हिरवी टाकी आणि पिवळा पट्टा शोधा. चिकटवलेले फोटो पाहून थांबू नका. अल्बमच्या मागच्या खिशात जे नीट आले नाहीत म्हणून ठेवून दिले ते पाहा. कोणी हललं असेल, कोणाची मान कापली गेली असेल, एखादं पोर कॅमेरा घेऊन चुकीच्या बाजूला गेलं असेल. आम्हाला तोच फोटो हवा आहे, वाईट आलेला, गाडी निघून जात असताना मागून काढलेला. टाकीच्या खाली पाहा. भिंग लावून पाहा. कडी रिकामी दिसली तर तो फोटो या अंकाच्या संपादकांकडे पाठवा, ते तो माझ्याकडे देतील.

मिठाई नंतर खा. अंक खाली ठेवा, उठा आणि पेटी उघडा.